हॅगफिश फक्त मढ्यांवर जगतो का?

प्रश्न असा आहे: खोल समुद्रातला हॅगफिश मेलेले मासे आणि देवमासे खाऊन जगतो असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण तिथे मढी पडणार तरी किती? मग एवढ्या संख्येने तो तग कसा धरतो? आणि कोरियात त्याला इतकी मागणी आहे, तर त्याच्या मासेमारीने समुद्रतळाचं काही बिघडतं का?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून एकत्रच देते. हॅगफिश समोर आलेलं मढं सोडत नाही हे खरं, पण मढ्यांवर त्याचा संसार चालत नाही. रोजचं पोट तो चिखलातल्या किडामुंगीवर भरतो. दोन मोठ्या जेवणांमधले उपाशी महिने काढण्याची जी ताकद त्याच्या अंगात आहे, तिच्यावर त्याचं सगळं जगणं उभं आहे. नेमकी हीच संथ चाल त्याला मासेमारीपुढे दुबळा करते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सापळ्यांच्या मासेमारीच्या नोंदी ठेवणं हे माझं काम आहे, त्यामुळे हा प्राणी मी पुस्तकापेक्षा बोटीच्या डेकवर जास्त पाहिला आहे.

आधी प्राणी कसा आहे ते थोडक्यात. अंग वामेसारखं लांब, पण वामेशी नातं दूरचं. जबडा नाही, खवले नाहीत, जोडीचे पर नाहीत, पाठीचा कणा म्हणावा असा नाही, तरी त्याला कणाधाऱ्यांच्या गटातच धरतात. कवटी आहे, पण कूर्चेची. डोळे त्वचेखाली बुजलेले. तोंडाभोवती मिशांच्या तीन जोड्या आणि नाकपुडी एकच, थेट थोबाडाच्या टोकावर. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनीयसने १७५८ मध्ये त्याला कृमींच्या गटात घातलं होतं. सुमारे ८० जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. माझा रोजचा संबंध येतो तो दोन जातींशी: पॅसिफिक हॅगफिश, म्हणजे एप्टाट्रेटस स्टाउटी, आणि काळा हॅगफिश, म्हणजे एप्टाट्रेटस डीनी. पहिला किनाऱ्यालगतच्या चिखलापासून जवळपास हजार मीटरपर्यंत सापडतो, दुसरा अडीच हजार मीटरच्याही खाली जातो. अटलांटिकमधली मिक्सिने ग्लुटिनोसा ही सगळ्यांत आधी नाव मिळालेली जात. आपल्या बाजूचं पाणी म्हणाल, तर अंदमान समुद्रातून, थायलंडच्या अंगाने, एप्टाट्रेटस इंद्रांबर्याई ही जात १९८३ मध्ये शास्त्रात आली.

हा प्राणी कुठे राहू शकतो हे त्याच्या रक्तानेच ठरवून टाकलं आहे. त्याच्या रक्ताचा खारटपणा समुद्राच्या पाण्याइतकाच असतो. कणाधारी प्राण्यांच्या सगळ्या गोतावळ्यात मिठाच्या बाबतीत समुद्राशी अशी तंतोतंत बरोबरी करणारा हा एकटाच. त्यामुळे शरीरातलं मीठ राखण्याचा खर्च त्याला पडत नाही, पण पाणी गोडं झालं तर तो ते सांभाळून घेऊ शकत नाही. नदीमुखं, खाड्या, निमखारी पाणी त्याच्यासाठी बंद. पावसाळी दिवशी जिवंत माल ठेवायच्या टाक्यांवर झाकण आहे ना, हे आम्ही म्हणूनच बघतो.

आता मढ्यांकडे. खोल समुद्रात वरून पडणाऱ्या मोठ्या शवांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो दक्षिण कॅलिफोर्नियासमोर. १९८७ मध्ये सागरशास्त्रज्ञ क्रेग स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ॲल्विन या पाणबुडीतून सांता कॅटलिना खोऱ्यात १,२४० मीटर खोलीवर देवमाशाचा सांगाडा आढळला. पुढे त्यांनी किनाऱ्याला लागून मेलेले देवमासे वजनं बांधून मुद्दाम बुडवले आणि परत परत जाऊन पाहिलं. ताज्या शवावर शेकडो हॅगफिश होते, बहुतेक काळे हॅगफिश, आणि सोबत स्लीपर शार्क. सगळे मिळून दिवसाला ४० ते ६० किलो मांस उतरवत होते. तरीही मऊ मांस संपायला, शव किती मोठं आहे त्यावर, काही महिन्यांपासून दोनेक वर्षांपर्यंतचा काळ लागतो. त्यानंतर हाडांची पाळी. २००२ मध्ये कॅलिफोर्नियासमोरच्या माँटेरे कॅन्यन या समुद्रतळावरच्या दरीत २,८९१ मीटरवर हाडं पोखरणारे ओसेडॅक्स कृमी सापडले ते अशाच सांगाड्यावर.

इथे हॅगफिशचं काम बारकाईने बघण्यासारखं आहे. जबडा नसताना मांस तोडायचं कसं? त्याच्या तोंडात केराटिनच्या, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याच्या, दातांच्या दोन पट्ट्या असतात. त्या तो बाहेर काढून मांसात रोवतो आणि दुमडून आत ओढतो. पण ओढ लागली की अख्खं अंगच मांसाकडे सरकतं, कारण टेकायला खालचा जबडा नाही. तेव्हा तो शेपटीकडे गाठ मारतो. गाठ अंगावरून पुढे सरकवत डोक्यापर्यंत आणतो, ती शवावर दाबून धरतो आणि त्या आधाराने डोकं मागे खेचतो. लचका निघतो. ही गाठ साधी असेलच असं नाही, आठच्या आकड्यासारखी दुहेरी गाठही तो घालतो. कातडी अंगाला चिकटलेली नसून सैल असते आणि आत मणक्यांची साखळी नसते, म्हणूनच हे जमतं. मी सापळ्यातून हातात घेतलेल्या हॅगफिशने मनगटाभोवती अशी गाठ सरकवून सुटका करून घेतलेली पाहिली आहे. जोर एवढा असतो की मूठ आपोआप उघडते.

धडधाकट कातडी फोडणं मात्र त्याला जड जातं. म्हणून तो जखमेतून, तोंडातून, कल्ल्यांतून किंवा गुदद्वारातून आत शिरतो आणि आतून खात सुटतो. जाळ्यात किंवा लाँगलाइनच्या गळावर अडकून मेलेला मासा वर आला की बाहेरून अख्खा दिसतो, उचलला की हाताला नुसती कातडी आणि काटे लागतात. उत्तर अटलांटिकमधल्या कोळ्यांचा हॅगफिशवरचा राग तिथूनच येतो. देवमाशाच्या बाबतीत शार्क शव फाडतात आणि हॅगफिश त्या फटींतून घुसतात. खाताना त्यांची सांडलवंड प्रचंड. मांसाचे कण आणि चरबी आसपासच्या गाळात मिसळते, आणि पुढच्या टप्प्यात सांगाड्याभोवतीच्या चिखलात पॉलिकीट कृमींची जी दाटी होते तिला हे खाद्य मिळतं. म्हणजे हॅगफिश शव संपवतो त्याहीपेक्षा ते वाटतो, आणि मला त्याचं हे वाटप जास्त मोलाचं वाटतं.

कोकणातल्या वाचकांना मेलेला देवमासा किनाऱ्यावर कसा येतो ते माहीत आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला लागलेल्या पिल्लाला समुद्रात परत न्यायची धडपड सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. तसं किनाऱ्याला लागणारे देवमासे थोडे. बहुतेक भर समुद्रात मरतात आणि बुडतात, आणि खालच्या जगासाठी तो माल अतिशय मोलाचा असतो.

पण प्रश्न विचारणाऱ्याची शंका रास्त आहे. हॅगफिश चिखलाळ तळांवर दाटीवाटीने असतो, आणि एवढी तोंडं केवळ अशा योगायोगावर पोसली जाणार नाहीत. आतड्यातलं अन्न तपासलं की चित्र बदलतं. उत्तर समुद्रातल्या मिक्सिनेच्या आतड्यांत पॉलिकीट कृमी आणि खोल पाण्यातली कोळंबी सापडते. हे चिखलातच राहणारे, जिवंत पकडलेले जीव आहेत. या प्राण्याला जठर नाही, अन्न थेट सरळ आतड्यात जातं, त्यामुळे काय खाल्लं ते ओळखणं सोपं नसतं. मऊ अंगाचा किडा लवकर विरघळतो, काटे आणि कवचं मागे राहतात. मासळीचे तुकडे नजरेत भरतात आणि किडे हिशेबातून निसटतात. हॅगफिशला निव्वळ मुर्दाडखाऊ समजण्यामागे ही एक मोठी गफलत आहे. दुसरी गफलत आमिषाची. कॅमेऱ्यापुढे मेलेला मासा बांधला तर तो खायला येणारे प्राणी मुर्दाडखाऊच दिसणार.

त्याच कॅमेऱ्यांनी मात्र एक वेगळी गोष्टही टिपली. न्यूझीलंडच्या संशोधकांनी तिथल्या पाण्यात आमिष लावलेले कॅमेरे सोडले होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात निओमिक्सिने जातीचा हॅगफिश तांबडा बँडफिश नावाच्या माशाच्या बिळात घुसताना दिसतो. तो आत डोकं खुपसतो, काही वेळ धडपड चालते, मग गाठ मारून जोर लावत शिकार बाहेर ओढतो. शिकार जिवंत होती. बिळासारख्या अरुंद जागेत त्याचा चिकट द्राव माशाचे कल्ले बुजवत असावा असा संशोधकांचा अंदाज आहे. मला तो पटतो, कारण कोंडलेल्या पाण्यात तो द्राव काय करतो हे मी टाक्यांत पाहिलं आहे.

चिखलातलं जगणं जातीपरत्वे वेगळं असतं. मिक्सिने मऊ गाळात अंग पुरून फक्त थोबाडाचं टोक वर ठेवतो. पाणी नाकपुडीतून आत येतं. आत वेलम नावाचा पडदा हलत राहून ते कल्ल्यांकडे ढकलतो आणि दोन्ही बाजूंच्या एकेका छिद्रातून ते बाहेर पडतं. एप्टाट्रेटसला अशी छिद्रं बरीच असतात, स्टाउटीत दहा ते चौदा जोड्या, आणि तो बहुधा तळावर किंवा दगडांच्या आडोशाला वेटोळं घालून पडलेला दिसतो. व्हँकूव्हर बेटासमोरच्या बार्कली कॅन्यनमध्ये ओशन नेटवर्क्स कॅनडा या संशोधन संस्थेचे कॅमेरे तळावर कायमचे बसवलेले आहेत. त्यांच्या चित्रीकरणात ही वेटोळी तासन्‌तास जागची हलत नाहीत. पाण्याबरोबर वास आला की मात्र एकेक डोकं उठतं. नाकपुडी एक असली तरी मेंदूचा मोठा भाग वासाच्याच कामी लागलेला आहे, आणि प्रवाहाच्या खालच्या अंगाला असलेले हॅगफिश वासाचा माग काढत वर सरकतात. सापळा टाकताना आम्ही प्रवाहाची दिशा बघतो ती यासाठी.

गाळात शिरणं, वळणं, बाहेर पडणं यातून गाळ सतत उलथापालथ होतो. त्यातून खालच्या थरात पाणी आणि ऑक्सिजन पोचतो, आणि गाडलेलं सेंद्रिय द्रव्य वर येतं. एकट्या प्राण्याची ही कामगिरी नगण्य, पण दाट वस्तीत तिचं वजन वाढतं.

आता भुकेचा भाग, माझ्या मते या प्राण्याचा सगळ्यांत विलक्षण. हॅगफिशचा शरीरखर्च इतर माशांच्या मानाने फारच कमी. रक्तदाब कमी, रक्ताचे मोठमोठे साठे कातडीखाली मोकळे. मुख्य हृदयाच्या जोडीला यकृताकडे रक्त नेणारं, डोक्याकडचं आणि शेपटीतलं अशी मदतनीस हृदयं आहेत. प्रयोगशाळेत पॅसिफिक हॅगफिशला ३६ तास ऑक्सिजनविना ठेवलं, तरी त्याचं हृदय ठोके देत राहिलं. हे फक्त दाखवायचं कौशल्य नाही. कुजणाऱ्या शवाच्या पोटात डोकं घालून जेवणाऱ्याला याच परिस्थितीत श्वास घ्यायचा असतो: ऑक्सिजन संपत आलेला, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड वाढलेला. इतर मासे जिथे गुदमरून मरतील तिथे हा शांतपणे खात असतो.

२०११ मध्ये व्हँकूव्हर बेटावरच्या बॅमफील्डच्या सागरी केंद्रात आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. पॅसिफिक हॅगफिशची त्वचा आणि कल्ले पाण्यात विरघळलेली अमिनो आम्लं थेट शोषून घेतात. असं करणारे अपृष्ठवंशी सागरी जीव माहीत होते, कणाधाऱ्यांच्या गटात मात्र ही पहिलीच नोंद. शवाच्या आत भोवतालचं पाणी म्हणजे पातळ रस्साच असतो, आणि हा प्राणी तोंडाने खात असतानाच सगळ्या अंगानेही जेवतो. अशा एका जेवणावर मग महिनोन्‌महिने काढता येतात. टाक्यांत ठेवलेल्या, कित्येक महिने काही न खाल्लेल्या हॅगफिशकडे नुसतं बघून ते उपाशी आहेत हे ओळखता येत नाही.

म्हणून मढी किती पडतात हा प्रश्न त्याच्यापुरता तितकासा अडचणीचा राहत नाही. किडे, कोळंबी, मरून पडलेले छोटे मासे यांवर गाडी चालू राहते, आणि वर्ष-दोन वर्षांत एखादं मोठं शव मिळालं तर शरीर भरून घेता येतं. आता त्यात माणसाची भर पडली आहे. ट्रॉलरवरून फेकलेली नको असलेली मासळी तळाशी जाते आणि हॅगफिश ती उचलतो.

चिकट द्रावाबद्दल सगळ्यांनाच कुतूहल असतं, आणि त्याच्या जगण्यातली त्याची जागा मोठी आहेच. दोन्ही कुशींवर शंभराहून अधिक ग्रंथींची रांग असते. ग्रंथीत दोन प्रकारच्या पेशी: एक श्लेष्म्याची, दुसरी धाग्याची. धाग्याच्या पेशीत एकच प्रथिनाचा धागा लोकरीच्या लडीसारखा न गुंतता गुंडाळलेला असतो. पेशीची लांबी मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या भागाएवढी, पण धागा उलगडला की दहा-पंधरा सेंटिमीटर. प्राण्याला कोणी पकडलं की त्या जागेच्या ग्रंथी आकुंचन पावतात, द्राव बाहेर पडतो आणि अर्ध्या सेकंदाच्या आत समुद्राचं पाणी अडकवून हजारो पटींनी फुगतो. तयार झालेल्या राळेत ९९.९९ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. धाग्यांच्या जाळीत पाणी अडतं, बाकी काही नाही.

डेकवर हे असं दिसतं. बादलीभर समुद्राच्या पाण्यात एक हॅगफिश सोडा आणि शेपटीशी चिमटा घ्या. पाणी ढवळल्याबरोबर हात वर उचलला तर सगळी बादलीच उचलून आल्यासारखी वाटते, बोटांमधून काचेसारखा पडदा लोंबतो. तो आपल्या नाकातल्या शेंबडासारखा बुळबुळीत नसतो, त्यात बारीक धाग्यांचा ताण हाताला लागतो. मुठीत घेऊन पिळत राहिलात की पाणी निथळून जातं आणि शेवटी बोटभर तंतूंचा गोळा उरतो. ओरेगॉनमध्ये डेपो बेजवळ जुलै २०१७ मध्ये जिवंत हॅगफिश नेणारा ट्रक महामार्ग १०१ वर उलटला, तेव्हा साधारण ३,४०० किलो माल रस्त्यावर सांडला होता आणि गाड्या त्या राळेखाली गेल्या होत्या. रस्ता साफ करायला बुलडोझर आणावा लागला.

समुद्रात या द्रावाचा उपयोग कसा होतो ते न्यूझीलंडच्या त्याच कॅमेऱ्यांनी दाखवलं. शार्क हॅगफिशला तोंडात धरतो आणि क्षणात सोडून देतो. कल्ल्यांतून राळ लोंबत असते, तो डोकं झटकत, ओकारी काढत निघून जातो. हॅगफिश जागीच राहून पुन्हा खायला लागतो. दात लागूनही तो जखमी का होत नाही, याचं उत्तर २०१७ च्या एका प्रयोगात मिळालं. संशोधकांनी माको शार्कचा दात यंत्राला बसवून मेलेल्या हॅगफिशवर वरून आपटला. कातडी जाड किंवा चिवट नव्हती, पण सैल असल्यामुळे ती दाताबरोबर वाकली आणि आतलं अंग बाजूला सरकलं. दाताखाली कातडी आली, आतड्यांना काही झालं नाही.

हे संरक्षण फुकट मिळत नाही. रिकामी झालेली ग्रंथी पूर्ण भरायला जवळपास महिना जातो. म्हणूनच द्राव फक्त पकडलेल्या जागेवरून सुटतो, सगळ्या अंगावरून एकदम नाही. स्वतःच्याच राळेत नाकपुडी बुजली तर त्याचाही जीव गुदमरतो. मग तो पुन्हा गाठ मारतो, ती शेपटीकडून डोक्याकडे फिरवून अंग निपटून काढतो आणि नाकातून पाणी जोरात बाहेर फेकतो.

आणि हा द्राव सगळ्यांवर चालतही नाही. माशाचा श्वास कल्ल्यांतून चालतो, तिथेच ही जाळी अडकते. सील आणि सी लायन फुप्फुसांनी श्वास घेतात, बुडी मारताना श्वास रोखलेलाच असतो, त्यांना बुजवायला कल्ले नाहीत. त्यामुळे सागरी सस्तन प्राण्यांच्या पोटात हॅगफिश सर्रास सापडतो. २०१३ च्या जानेवारीत बार्कली कॅन्यनचं चित्रीकरण इंटरनेटवर बघत असताना युक्रेनमधल्या एका शाळकरी मुलाला ८९४ मीटर खोलीवर एक थोबाड अचानक आत येऊन हॅगफिश ओढून घेताना दिसलं. त्याने कळवलं, शास्त्रज्ञांनी चित्रफीत तपासली, तो एलिफंट सील निघाला. खोल तळावरची ऊर्जा थेट पृष्ठभागावर श्वास घेणाऱ्या प्राण्याकडे जाते, आणि मधला दुवा हॅगफिश आहे. हे एका घासात पाहायला मिळालं याचा मला आजही आनंद वाटतो.

आता मासेमारी. दक्षिण कोरियात, विशेषतः बुसानच्या जागालची बाजारात, हॅगफिश कांदा आणि तिखट लाल मिरचीच्या लगद्याबरोबर तव्यावर किंवा निखाऱ्यावर भाजून खातात. त्याच्या कातडीची पाकिटं ‘ईल-स्किन’ या नावाने जगभर विकली गेली, त्यांत ईल, म्हणजे वाम, कुठेच नव्हता. कोरिया आणि जपानच्या पाण्यातला साठा घटला तसे खरेदीदार दुसऱ्या किनाऱ्यांकडे वळले. कॅलिफोर्नियात ही मासेमारी १९८८ मध्ये सुरू झाली, पाठोपाठ ओरेगॉन, वॉशिंग्टन, ब्रिटिश कोलंबिया, आणि १९९० च्या दशकात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचं न्यू इंग्लंड. एकेका ठिकाणी आधी भरघोस माल, मग घट, मग बोटी दुसरीकडे, असा क्रम मी कागदांवर पुन्हा पुन्हा पाहिला आहे.

हे का होतं ते त्याच्या प्रजननात आहे. कॉडसारखा मासा लाखोंनी अंडी सोडतो. हॅगफिशची मादी एका वेळी वीस-तीसच अंडी देते, पण ती मोठी, पिवळट, लांबट, चिवट कवचाची. दोन्ही टोकांना बारीक आकड्यांचा झुपका असतो, त्याने अंडी एकमेकांत अडकून माळ तयार होते. मादीचं पोट कापलं की ती अंडी स्पष्ट मोजता येतात, आणि इतकी थोडी बघून पहिल्या दिवशी नवीन माणूस विचारतोच की बाकीची कुठे आहेत. अळीची अवस्था नाही, अंड्यातून थेट छोटा हॅगफिश बाहेर येतो. म्हणजे लांबून प्रवाहाबरोबर वाहत येऊन रिकामी जागा भरून काढणारी पिल्लं नाहीत.

ही अंडी निसर्गात दिसत नाहीत म्हटलं तरी चालेल. मिक्सिनेचं प्रजनन उलगडणाऱ्यासाठी कोपनहेगनच्या विज्ञान अकादमीने १९ व्या शतकात बक्षीस लावलं होतं, ते कोणालाच मिळालं नाही. १८९० च्या दशकात अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ बॅशफर्ड डीन यांना कॅलिफोर्नियात माँटेरेला स्थानिक कोळ्यांच्या मदतीने स्टाउटीचे भ्रूण मिळाले, आणि त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं या विषयात फारशी हालचाल झाली नाही. २००७ मध्ये जपानमध्ये कोबे इथे ओटा आणि कुरातानी या संशोधकांच्या गटाने एप्टाट्रेटस बर्गेरी या जातीचे भ्रूण टाकीत मिळवले तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. ती जात उथळ पाण्यातली आणि ऋतूप्रमाणे अंडी घालणारी. खोल पाण्यातल्या जातींच्या माद्या वर्षभर कधीही अंडी असलेल्या मिळतात, त्यामुळे ‘प्रजननाच्या काळात बंदी’ हा आपल्याकडच्या पावसाळी मासेमारी बंदीसारखा उपाय इथे लागू पडत नाही.

वय मोजण्याची सोयही नाही. इतर माशांचं वय खवल्यांवरच्या किंवा कानातल्या खड्यावरच्या वलयांवरून काढतात. इथे खवले नाहीत, आणि कानातल्या कणांवर वाचता येतील अशी वलयं नाहीत. साठा किती झपाट्याने भरून निघेल याचा हिशेब म्हणूनच फार सावधपणे करावा लागतो. २०११ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या तज्ज्ञांनी तेव्हा माहीत असलेल्या ७६ जाती तपासल्या, त्यांतल्या सुमारे १२ टक्के धोक्यात आढळल्या.

तेव्हा ‘काही बिघडतं का’ याचं माझं उत्तर: हो, बिघडतं, आणि ते लवकर दिसत नाही. दाट वस्ती विरळ झाली की गाळ उलथायचं काम मंदावतं. मेलेली मासळी आणि बोटींनी फेकलेला माल जास्त वेळ पडून राहतो. शवातलं अन्न आसपास वाटलं जाण्याचा वेग कमी होतो. सीलच्या ताटातला एक पदार्थ कमी होतो. यातलं काहीही पृष्ठभागावरून नजरेला पडत नाही, आणि ज्याची कोणी बाजू घेत नाही असा हा प्राणी असल्यामुळे ओरडही होत नाही. मला त्याची बाजू घ्यावीशी वाटते.

मासेमारी बंदच करा असं मी म्हणत नाही. सापळ्याची पद्धत मुळात चांगली आहे. झाकणाच्या बादल्या किंवा पिंपं एका लांब दोराला ओळीने बांधून तळावर सोडतात, तोंडाला आत वळलेली प्लास्टिकची नळकांडी, आत हेरिंगसारखं वासाचं आमिष. तळ खरवडला जात नाही, इतर मासे फारसे येत नाहीत. सापळा हरवला तर तो वर्षानुवर्षं प्राणी मारत राहू नये म्हणून झाकण किंवा एखादी खिडकी कुजणाऱ्या दोराने बांधायची असते. खरा मुद्दा भोकांचा आहे. पिंपाच्या अंगाला पाडलेल्या भोकांमधून छोटे हॅगफिश निसटून जायला हवेत. कॅलिफोर्नियात या भोकांचा किमान व्यास ९/१६ इंच, म्हणजे साधारण १४ मिलिमीटर, ठरवून दिला आहे. पण पिंप खच्चून भरलं की मधल्या छोट्यांना भोकापर्यंत पोचायला जागाच उरत नाही, आणि सापळा घाईने ओढला तरी ते आतच राहतात. म्हणून नुसता भोकाचा व्यास तपासून भागत नाही. सापळा किती तास पाण्यात होता, कितपत भरला होता, पकडीत माद्या किती आणि त्यांतल्या अंडी असलेल्या किती, हे प्रत्येक फेरीला नोंदलं गेलं पाहिजे, आणि एखाद्या जागेवर मालाची सरासरी लांबी घटायला लागली की वजनाचे आकडे चांगले दिसत असले तरी तिथून सापळे उचलले पाहिजेत.